सदुसष्ट नॅनोसेकंदांत निवाडा

संगणकाच्या तासाला ‘फायरवॉल’ हा शब्द आला की फळ्यावर बहुधा एक ठरावीक चित्र निघते. एका बाजूला संगणक, दुसऱ्या बाजूला ढगासारखे काढलेले इंटरनेट आणि मध्ये विटांची भिंत. ही भिंत चांगल्यांना आत सोडते आणि वाइटांना अडवते, असे आपण मुलांना सांगतो. मग एखादा मुलगा विचारतो, “पण भिंतीला कळतं कसं?” आणि एखादी चौकस मुलगी त्यापुढे जाऊन विचारते, “एवढं सगळं तपासत बसलं, तर इंटरनेट हळू नाही का होणार?”

वरवर पाहता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण या भिंतीच्या जागी खरोखर काय चालते ते पाहू लागलो की दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. ते कसे, हे आपण या लेखात पाहू या. त्यासाठी थोडे अंकगणित करावे लागेल, पण ते गुणाकार-भागाकारापलीकडे जाणार नाही.

टपालाचे तुकडे

इंटरनेटवरून जाणारा कोणताही मजकूर, मग ते पत्र असो, चित्र असो वा गाणे, सलग जात नाही. त्याचे छोटे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला ‘पॅकेट’ म्हणतात. पॅकेट म्हणजे पाकिटात घातलेले पत्र अशी कल्पना करायला हरकत नाही. मात्र इथे पाकिटात पाकीट असते. सर्वांत बाहेरच्या पाकिटावर १४ बाइटचा इथरनेटचा मजकूर असतो, त्याच्या आत बहुधा २० बाइटचा आयपीचा, आणि त्याच्याही आत टीसीपी किंवा यूडीपी यांचा. कोणाकडून आले, कोणाकडे चालले, कोणत्या कामासाठी, हे सारे या पाकिटांवर ठरलेल्या जागी लिहिलेले असते. टपाल वेगळे करणारा कर्मचारी पत्र उघडून वाचत नाही. पिनकोडाच्या सहा घरांवर नजर टाकतो आणि पत्र योग्य खणात टाकतो. पॅकेट चाळणारी आज्ञावलीही तसेच करते.

समजा, आपल्याला फक्त संकेतस्थळांच्या नावांची चौकशी करणारी पॅकेटे वेगळी काढायची आहेत. चाळणीला तीन सूचना पुरतात. पहिले १२ बाइट सोडून पुढचे २ बाइट वाच. तिथे २०४८ ही संख्या नसेल तर हे आयपीचे पॅकेट नाही, सोडून दे. पहिले २३ बाइट सोडून पुढचा १ बाइट वाच. तिथे १७ नसेल तर हे यूडीपी नाही, सोडून दे. मग ३६ बाइट सोडून पुढचे २ बाइट वाच. तिथे ५३ असेल तर हे आपल्याला हवे आहे. (आतल्या आयपी पाकिटाची लांबी नेहमीची, म्हणजे २० बाइट आहे, असे इथे धरले आहे.) एकूण पाच बाइट वाचून निवाडा झाला.

म्हणजे ‘भिंतीला’ चांगले-वाईट काही कळत नाही. ठरलेल्या जागेवरचे चार-सहा आकडे तेवढे कळतात. हे लक्षात ठेवू या. शेवटी त्याकडे परत यायचे आहे.

वेळेचे गणित

आता दुसरा प्रश्न. या निवाड्याला वेळ किती मिळतो?

मोठ्या संस्थांत, महाविद्यालयांत सेकंदाला १० गीगाबिट वाहून नेणारी केबल आता नवलाची राहिलेली नाही. १० गीगाबिट म्हणजे एकावर दहा शून्ये इतके बिट. इथरनेटवरचे सर्वांत लहान पॅकेट ६४ बाइटचे असते. त्याच्या पुढे ‘मी येतो आहे’ असे सांगणारे ८ बाइट असतात आणि दोन पॅकेटांच्या मध्ये १२ बाइटइतकी मोकळी जागा सोडावी लागते. एकूण झाले ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. दहा अब्जाला ६७२ ने भागा. उत्तर येते १,४८,८०,९५२. सेकंदाला जवळजवळ दीड कोटी पॅकेटे! एका पॅकेटाच्या वाट्याला येणारा वेळ ६७.२ नॅनोसेकंद. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग.

एवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम २० मीटर जातो. दोन-तीन वर्गांसमोरच्या व्हरांड्याइतके हे अंतर. तेवढ्यात पॅकेट घ्यायचे, पाहायचे, निवाडा करायचा आणि पुढच्यासाठी हात मोकळे करायचे.

हेच गणित मोठ्या पॅकेटासाठी करून पाहा. १५१८ बाइटच्या पॅकेटासाठी सुमारे १,२३० नॅनोसेकंद मिळतात, म्हणजे अठरा पट अधिक. केबलमधून जाणारे बिट तितकेच, पण काम अठरा पटींनी हलके. कारण चाळणीचे काम वजनावर अवलंबून नसते, नगांवर असते. वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना हे सांगायला नको. साठ वह्यांत एकेक ओळ असली तरी वही उचलणे, उघडणे, पान शोधणे आणि मिटून ठेवणे साठ वेळा करावेच लागते. एखाद्या संगणकाला कामाखाली दडपून टाकू पाहणारे लोकही म्हणूनच अनेकदा लहान लहान पॅकेटांचा मारा करतात.

संगणक वेगवान झाले आहेत, मग अडचण काय, असे वाटेल. पण पाहा. १९९०च्या सुमारास इथरनेटचा वेग १० मेगाबिट होता, आजच्या आपल्या उदाहरणाच्या हजारावा भाग. तेव्हा लहान पॅकेटामागे ६७.२ मायक्रोसेकंद मिळत. त्या काळचा, समजा, ३० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्यात सुमारे २,००० ठोके देई. आजचा ३ गीगाहर्ट्झचा प्रोसेसर ६७.२ नॅनोसेकंदांत देतो सुमारे २०० ठोके. केबल हजार पटींनी धावू लागली, प्रोसेसरचे घड्याळ शंभर पटींनी. एका ठोक्यात आज पूर्वीपेक्षा जास्त काम होते हे खरे. पण मेमरीचा वेग त्या प्रमाणात वाढलेला नाही. हवी असलेली गोष्ट प्रोसेसरच्या जवळच्या छोट्या साठ्यात नसली आणि मुख्य मेमरीत जावे लागले, तर त्या एका फेरीला ६० ते १०० नॅनोसेकंद लागतात. एकच फेरी, आणि सारा वेळ संपला.

यातून एक गोष्ट उघड होते. घाई करून हे जमणार नाही. जमवायचे तर कामच कमी केले पाहिजे. पुढची तीस वर्षे अभियंत्यांनी नेमके हेच केले.

उंबरठ्याची किंमत

युनिक्स आणि त्याच्या घराण्यातील फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, लिनक्स यांसारख्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दोन विभाग असतात. एक कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड यांच्या किल्ल्या त्याच्या हाती. दुसरा विभाग आपल्या नेहमीच्या आज्ञावल्यांचा. त्यांना काही हवे असले तर कर्नलला हाक मारावी लागते. एखादी आज्ञावली बिघडली तरी सारा संगणक कोलमडू नये म्हणून हा उंबरठा ठेवलेला आहे. पण तो ओलांडायला वेळ लागतो, आणि ओलांडताना मजकुराची नक्कल करावी लागते.

नेटवर्कवर काय चालले आहे हे पाहणारी आज्ञावली उंबरठ्याच्या बाहेर चालते. समजा, तिला हजारातली पाचच पॅकेटे हवी आहेत. हजारही पॅकेटे नक्कल करून बाहेर पाठवायची आणि ९९५ तिने फेकून द्यायची, हा शुद्ध अपव्यय. त्यापेक्षा चाळणीच आत, कर्नलमध्ये बसवली तर? ही कल्पना १९८०च्या दशकात अमेरिकेतील कार्नेगी मेलन आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांत रुजली होती. मात्र त्या चाळणीची रचना जुन्या प्रकारच्या संगणकांना अनुसरून केलेली होती. नव्या प्रोसेसरांवर ती मंद पडू लागली.

कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी तिची नव्याने मांडणी केली. जानेवारी १९९३ मध्ये सॅन डिएगो येथील परिषदेत त्यांनी ती सादर केली. तिचे नाव ‘बीएसडी पॅकेट फिल्टर’, थोडक्यात बीपीएफ. तिच्यातील तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, नकोसे शक्य तितके आधी टाकावे. त्या काळातील सन कंपनीच्या यंत्रणेत पॅकेटाची आधी नक्कल होई आणि मग ते चाळले जाई. बीपीएफने पॅकेट जिथे येऊन पडले तिथेच चाळले. पसंत पडले तरच नक्कल केली.

दुसरी गोष्ट, उत्तर ठरल्यावर पुढचे प्रश्न विचारू नयेत. जुनी चाळणी सर्व अटींचे एक झाड रचत असे. त्यात निकाल आधीच ठरला असला तरी अनेकदा बाकीच्या अटी तपासल्या जात, आणि पाकिटावरचा तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचला जाई. बीपीएफने झाडाऐवजी फाटे फुटणारी वाट आखली. प्रत्येक प्रश्नापाशी ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन रस्ते असतात. आधी काय विचारून झाले आहे, हे आपण वाटेवर कुठे उभे आहोत त्यावरूनच कळते.

तिसरी गोष्ट, एकेक नेण्याऐवजी गठ्ठा करावा. निवडलेली पॅकेटे एका साठ्यात जमत राहतात. तो भरला की दुसरा पुढे येतो आणि भरलेला गठ्ठा एकाच हाकेत बाहेर दिला जातो.

परिणाम? निवाडा करणारा भाग जुन्या रचनेपेक्षा २० पटींपर्यंत, आणि सारी यंत्रणा त्याच संगणकावरील सनच्या यंत्रणेपेक्षा १०० पटींपर्यंत जलद, असे त्यांनी मोजून दाखवले. संगणक तोच होता. बदलले होते ते काम करण्याची पद्धत आणि न करायच्या कामांची यादी.

परक्याची आज्ञावली घरात

इथे एक धोका आहे. चाळणीचे नियम बाहेरची आज्ञावली लिहून देते आणि ते चालतात मात्र आत, कर्नलमध्ये. उद्या कोणी चुकून वा मुद्दाम अशी सूचना दिली की जी कधी संपतच नाही, तर सारा संगणक तिथेच अडकेल. मग परक्यावर विश्वास कसा ठेवायचा?

बीपीएफचे उत्तर साधे आहे. चाळणीच्या सूचनांत उडी मारायची ती फक्त पुढे, मागे कधीच नाही. सूचना मोजक्याच, आणि मागे फिरता येत नाही. म्हणजे कधी ना कधी शेवट येणारच. शिवाय पॅकेटाच्या हद्दीबाहेर वाचू पाहिले तर ते पॅकेट तिथेच नाकारले जाते. सापशिडीच्या पटावरचे साप काढून टाकले तर सोंगटी शंभरावर पोचणारच, तसे हे आहे. लिहिणाऱ्याच्या सज्जनपणावर इथे काही अवलंबून ठेवलेले नाही. आज्ञावलीचा आकारच असा ठेवला आहे की ती अडकून पडू शकत नाही. वेगासाठी सुरक्षितता सोडावी लागली नाही, हे या रचनेचे खरे यश, असे आम्हाला वाटते.

हजार नियम

आतापर्यंत चाळणीचे काम पाहण्यापुरते होते. फायरवॉलमध्ये तीच अडवण्याचे काम करते, आणि तिथे नियम वाढत जातात. एखाद्या मोठ्या संस्थेच्या यादीत हजार नियम सहज होतात. प्रत्येक नियमाला दोन नॅनोसेकंद धरले तरी हजार नियमांना २,००० नॅनोसेकंद. आपल्याकडे आहेत ६७.

यावर उपाय म्हणजे लक्षात ठेवणे. ओपनबीएसडी या सिस्टिमने २००१ मध्ये परवान्याच्या वादामुळे आपली आधीची चाळणी काढून टाकली आणि डॅनियल हार्टमायर यांनी ‘पीएफ’ ही नवी चाळणी लिहिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या आवृत्तीत ती होती. पीएफमध्ये एखाद्या संवादाचे पहिले पॅकेट आले की नियमांची यादी तपासली जाते. परवानगी मिळाली की त्या संवादाची नोंद होते: कोणाचा पत्ता, कोणाशी, कोणत्या दारातून. पुढची पॅकेटे आली की नियमांकडे जायचेच नाही. नोंद शोधायची आणि सोडून द्यायचे. संमेलनाच्या दारात पहिल्यांदा ओळखपत्र पाहून छातीला बिल्ला लावतात आणि नंतर बिल्ला पाहूनच आत सोडतात, तसेच हे.

नोंदी दहा लाख झाल्या तर शोध लांबणार नाही का? नोंदी क्रमवार मांडलेल्या असल्या तर प्रत्येक तुलनेत निम्म्या नोंदी गळतात. २ चा विसावा घात १०,४८,५७६ होतो. म्हणजे दहा लाख नोंदींत हवी ती नोंद सुमारे २० तुलनांत सापडते. गणिताच्या शिक्षकांना घातांकांचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

पण लक्षात ठेवण्याचीही किंमत असते. खोट्या पत्त्यांनी लाखो ‘पहिली पॅकेटे’ कोणी पाठवली, तर नोंदवहीच भरून जाईल आणि खऱ्यांना जागा उरणार नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला मुदत असते. ती संपली की नोंद पुसली जाते. चाळणीला आठवण हवी, तसे विसरणेही हवे.

घंटेचा छळ

आणखी एक विचित्र गोष्ट १९९०च्या दशकात ध्यानात आली. पॅकेट आले की नेटवर्क कार्ड प्रोसेसरला खूण करते, जणू दाराची घंटा वाजवते. प्रोसेसर हातातले काम ठेवून दार उघडतो, पॅकेट आत घेतो, पुन्हा कामाकडे वळतो. पॅकेटे थोडी असताना हे ठीक. पण घंटा सतत वाजू लागली तर? प्रोसेसर दारापाशीच अडकतो. पॅकेटे आत येतात, त्यांची रास साचते आणि पुढे हलवायला वेळ नसल्याने ती तशीच फेकली जातात. संगणक पूर्ण क्षमतेने राबत असतो आणि उपयोगी काम शून्य होते! जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये या अवस्थेचे विवेचन केले आणि उपायही सांगितला. पहिल्या घंटेला दार उघडावे, मग घंटाच बंद करून ठेवावी आणि आपल्या सवडीने दारात जाऊन जमलेली पॅकेटे एका ठरावीक संख्येपर्यंत आत घ्यावीत. दार रिकामे दिसले की घंटा पुन्हा चालू. आज बहुतेक सर्व सिस्टिम्स या ना त्या रूपात हेच करतात.

पिसा येथील प्रयोग

एवढे करूनही २०१० च्या सुमारास १० गीगाबिटची केबल लहान पॅकेटांनी भरून आली की सर्वसाधारण संगणक हार मानत. इटलीतील पिसा विद्यापीठात लुइजी रिझ्झो यांनी विचारले, पॅकेटामागे वेळ जातो तरी कुठे? मोजून पाहता आढळले की वेळ निवाड्यात फारसा जात नव्हता. जात होता तो सरबराईत. प्रत्येक पॅकेटासाठी मेमरीत नवी जागा मागा, काम झाले की परत करा, नक्कल करा, कर्नलला हाक मारा.

त्यांनी तयार केलेली ‘नेटमॅप’ ही रचना २०१२ मध्ये बॉस्टन येथील परिषदेत मांडली गेली. तीत जागा सुरुवातीलाच राखून ठेवलेली असते आणि तीच पुन्हा पुन्हा वापरली जाते. पॅकेटांची चक्राकार रांग कर्नल आणि बाहेरची आज्ञावली या दोघांनाही दिसते; म्हणून नक्कल लागत नाही. एका केबलवरून आलेले पॅकेट दुसरीवर पाठवायचे असेल तर पॅकेट हलवतच नाहीत, दोन रांगांतील जागांचे क्रमांक अदलाबदल करतात. आणि कर्नलला हाक मारायची ती गठ्ठ्यागणिक. समजा, एका हाकेला ३०० नॅनोसेकंद लागतात. पॅकेटागणिक हाक मारली तर तेवढ्यानेच वेळेचे गणित चार पटींनी चुकले. २५६ पॅकेटांमागे एक हाक मारली तर प्रत्येकाच्या वाट्याला येते जेमतेम सव्वा नॅनोसेकंद.

फळ असे की ९०० मेगाहर्ट्झवर चालणारा प्रोसेसरचा एकच कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा एक भाग, सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटे घेऊ वा पाठवू लागला. आपण वर काढलेली कमाल मर्यादा ती हीच. गणित करून पाहा: पॅकेटामागे केवळ ६० ठोके. आणि इथेही सुरक्षितता सोडलेली नाही. बाहेरच्या आज्ञावलीला रांग दिसते, कार्डाच्या किल्ल्या दिसत नाहीत. तिने लिहिलेला प्रत्येक क्रमांक कर्नल आधी तपासून घेतो. फ्रीबीएसडीतील ‘आयपीएफडब्ल्यू’ ही जुनी फायरवॉलही पुढे नेटमॅपवर चालवली गेली.

लिनक्सने वेगळी वाट धरली. २०१४ मध्ये बीपीएफचे विस्तारित रूप त्यात आले आणि २०१६ पासून अशी चाळणी थेट नेटवर्क कार्डाच्या आज्ञावलीत, कर्नलने पॅकेटासाठी कागदपत्रे मांडायच्याही आधी बसवता येऊ लागली. २०१८ च्या एका शोधनिबंधात एका कोअरने सेकंदाला २ कोटी ४० लाख पॅकेटे नाकारल्याची नोंद आहे. सूचना आता अधिक गुंतागुंतीच्या असतात, पण त्या संपतात आणि हद्दीत राहतात हे चालवण्याआधी सिद्ध व्हावे लागते. १९९३ ची ती अट टिकून आहे.

यानंतर १०० गीगाबिटच्या केबली आल्या. लहान पॅकेटामागे आता ६.७२ नॅनोसेकंद, म्हणजे सुमारे २० ठोके. इथे एका कोअरने भागत नाही. पॅकेटे अनेक कोअरांत वाटावी लागतात. ही वाटणी कार्ड स्वतः करते, आणि एका संवादाची पॅकेटे एकाच कोअरकडे जातील असे पाहते. नाहीतर सगळ्यांना एकच नोंदवही उघडावी लागेल आणि वेळ वाट पाहण्यात जाईल.

चाळणीला काय करता येत नाही

आता मुलांच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. एवढ्या वेगाने निवाडा करणारी चाळणी आपले रक्षण कितपत करते?

२८ फेब्रुवारी २०१८ रोजी जगभरचे प्रोग्रॅमर वापरतात त्या गिटहब या संकेतस्थळावर मोठा मारा झाला. त्याचा कमाल जोर सेकंदाला १.३५ टेराबिट, म्हणजे १२ कोटी ६९ लाख पॅकेटे, इतका होता. भागाकार केला तर सरासरी पॅकेट सुमारे १,३३० बाइटचे निघते. हा मारा लहान पॅकेटांचा नव्हता, मोठ्यांचा होता. अशा वेळी संगणकाच्या दारातली चाळणी कितीही चपळ असली तरी उपयोग नसतो. कारण रस्ताच तुंबलेला असतो. दारापर्यंत खरा पाहुणा पोचतच नाही. गिटहबची सेवा काही मिनिटे अडखळली आणि येणारी सारी वाहतूक अधिक रुंद जाळे असलेल्या दुसऱ्या कंपनीकडे वळवल्यावर ती सावरली. जिथून येते तिथेच, वाटेत, अडवावे लागते.

दुसरी मर्यादा आपण सुरुवातीलाच पाहिली. ६७ नॅनोसेकंदांत चाळणी पाकिटावरचे आकडे पाहते. आतला मजकूर तर आज बहुधा सांकेतिक लिपीत बंद असतो. ती पत्ता ओळखते, हेतू ओळखत नाही. एखाद्या पत्त्यावरून उपद्रव झाला म्हणून तो पत्ता अडवला, तर त्याच पत्त्यामागे बसलेली एखादी संपूर्ण शाळा किंवा वस्ती अडवली जाऊ शकते. आणि फेकलेले पॅकेट बहुधा मुकाट्याने नाहीसे होते. पाठवणाऱ्याला कारण कळत नाही, तो नुसता वाट पाहत बसतो. नियम लिहिणाऱ्या माणसाची चूक यंत्र सेकंदाला दीड कोटी वेळा बिनचूकपणे करते. म्हणून चाळणी कितीही जलद झाली तरी नियम सावकाश आणि विचारपूर्वक लिहावे लागतात.

वर्गात करून पाहू या

साठ पोस्टकार्डाएवढे कागद घ्या. प्रत्येकावर वेगवेगळ्या मिश्रणात तीन गोष्टी लिहा: गावाचे नाव, एक ते वीसमधील एक क्रमांक आणि एक रंग. ‘पुणे, ७, लाल’ अशी सारी कार्डे हवी आहेत असे ठरवा. अशी तीन-चारच कार्डे असू द्या.

पहिल्या गटाने प्रत्येक कार्ड आधी वहीत उतरवून घ्यावे, मग तिन्ही प्रश्न विचारून निवाडा करावा. दुसऱ्या गटाने उतरवायचे नाही. पहिल्या ‘नाही’ला कार्ड बाजूला टाकायचे. घड्याळ लावून वेळ मोजा. मग दुसऱ्या गटालाच आधी रंग विचारायला सांगा, नंतर आधी क्रमांक. कोणता प्रश्न आधी विचारला तर वेळ वाचतो, आणि का, हे मुलांनाच शोधू द्या. पुढच्या फेरीत निवडलेली कार्डे व्हरांड्यातील टेबलावर एकेक करून नेऊन ठेवायला सांगा आणि नंतर एकत्र गठ्ठ्याने.

फेऱ्या संपल्यावर पळून पळून दमलेला गट आणि शांतपणे आधी काम संपवणारा गट समोरासमोर उभे करा. चौकस मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तिला तिथे मिळेल. मग पहिल्या मुलाला एक नवे कार्ड द्या. त्यावर ‘पुणे, ७, लाल’ असेच लिहिलेले असू द्या, आणि मागच्या बाजूला एखादा खोडसाळ मजकूर. चाळणी ते आत सोडेल. का सोडले, हे त्यालाच वर्गाला सांगू द्या.